मदत हवी आहे: हरणासाठी ठासणीचं पिस्तूल कोणतं घ्यावं?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि शिकारीला जाणाऱ्या मंडळींना विचारतोय. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, ते माहीत आहे. कृपया तो वाद इथे नको.)

अ‍ॅपलेचियन डोंगरात व्हाइटटेल हरणांच्या मागे जातो. ठासणीची रायफल वापरून झाली, आता पिस्तूल हवंय. परवाना आणि राज्याचे नियम तपासलेत.

पहिला पर्याय सीव्हीए ऑप्टिमा: .५० कॅलिबर, १४ इंची नळी, २०९ प्रायमर (बंदुकीची दारू पेटवणारी टोपी), आणि ब्रीच प्लग (नळीच्या मागचं बूच) हाताने निघतो, म्हणजे साफसफाई सोपी. पण एवढं लांब धूड कमरेला लावून चढ चढता येतो का? की सरळ स्लिंगच (खांद्याचा पट्टा) लावता?

दुसरा, जुनी रुगर ओल्ड आर्मी, ठासणीची रिव्हॉल्व्हर. मन तिच्यावरच आहे खरं. २००८ पासून बनत नाही, त्यामुळे किंमत चढी. शिवाय एका चेंबरमध्ये ४० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे दारूच्या वजनाचं माप) आसपासच दारू मावते. .४५७ च्या गोल शिशाच्या गोळीने २५ यार्डांवर हरीण स्वच्छ पडेल? जखमी होऊन झाडीत गेलेलं जनावर शोधत बसायचं नाहीये मला.

लायमन प्लेन्स पिस्तूल देखणं आहे, पण ८ इंची नळीवर माझा भरवसा नाही.

ऑप्टिमा वापरणाऱ्यांनो, दारू किती ग्रेन भरता, गोळी कोणती, आणि टेकू न लावता किती यार्डांपर्यंत नेम धरता? दमट हवेत ट्रिपल सेव्हन दारू बरी की पायरोडेक्स, तेही सांगा.