मदत हवी आहे: पाच महिन्यांचं लॅब्राडॉर पिल्लू पट्टा ओढतं

नाशिक, गंगापूर रोड. पिल्लाचं वजन 18 किलो. हाडं कोवळी आहेत, म्हणून उड्या आणि लांब पळणं बंद. सकाळी 20 मिनिटं फक्त चालणं. पट्टा ताणला की जागीच थांबायचं, सैल झाला की पुढे, हे तीन आठवडे चालू आहे. घरात चोख जमतं. बाहेर कबुतर दिसलं की मान ताठ, कान पुढे, फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा नाकाशी धरला तरी हुंगतही नाही. म्हणजे कबुतरापासूनचं अंतर कमी पडतंय. पण अरुंद गल्लीत ते वाढवायचं कसं? छातीवर कडी असलेला हार्नेस कुणी वापरलाय का? काट्यांचा पट्टा मुळीच नको, त्याने भीती बसते. सकाळी कमी वर्दळीचं मोकळं मैदान जवळपास कुठे आहे, तेही सांगा.