पुतण्या सिझनला पुण्याच्या रेसच्या तबेल्यात सईस म्हणून चाललाय, आधी काय शिकवून पाठवू?

दुधनाकाठ, परभणी:
रामराम मंडळी. घरी वरातीच्या दोन घोड्या आहेत, त्यामुळे खरारा, दाणा-पाणी, नालबंदासमोर पाय धरून उभं राहणं हे पोराला येतं. माळेगावच्या जत्रेत घोडं पारखायलाही बसतो. पण रेसचं थरोब्रेड म्हणजे वेगळंच जनावर. जुलैच्या आत त्याची तयारी करून घ्यायची आहे. तिथं दिवस कसा असतो? दाणा किती नि कोणता? आम्ही भिजवलेला हरभरा आणि हिरवं कडवळ टाकतो. आणि नवीन पोरं नेमकी कुठं चुकतात?

खरारा:
दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. झाडू हातात घ्यायच्या आधी गव्हाणीत बघायचं: दाणा शिल्लक आहे का, पाणी किती गेलं, लीद कशी पडली. रोज गव्हाण चाटून साफ करणाऱ्या घोड्यानं मूठभर दाणा जरी ठेवला, तरी ते जमादाराच्या, म्हणजे सईसांच्या मुकादमाच्या, कानावर लगेच घालायचं. मग ताप. उभ्या घोड्याचा ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो. वर गेला तर त्या दिवशी खोगीर चढत नाही.

आता पाय. पुतण्याला हे एवढं एक पक्कं करून पाठवा. पट्टी सोडल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा, नाहीतर पट्टीची ऊब हाताला फसवते. गुडघ्याखाली हात फिरवत यायचं, आणि दोन्ही पाय एकापाठोपाठ, कारण एकच पाय बघून गरम-थंड कळत नाही. आधी पाय जमिनीवर असताना, मग उचलून. उचलला की मागची नस, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी (टेंडन), सैल पडते, तेव्हा ती दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली दाबत न्यायची. ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा लागला किंवा घोड्यानं पाय ओढला, तर काम बंद. त्या अवस्थेत जोरात पळवलं तर नस फाटते आणि महिने जातात. कोवळ्या दोन-तीन वर्षांच्या घोड्यांत नळीची, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाची, पुढची बाजू दुखरी होते, तिथंही अंगठ्यानं दाबून बघायचं. शेवटी खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी. चांगल्या पायात ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल तर खुरात काहीतरी बिघडलंय, मग तो चुकलेला खिळा असो, पू असो की लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज).

उजाडलं की ट्रॅक. जोराचं काम आठवड्यातून साधारण दोनदा, बाकी दिवस चाल, दुडकी, हलका कँटर (संथ दौड). ‘६०० मीटर ४० सेकंदात’ असं म्हणतात ते या जोराच्या कामाचं माप. परत आल्यावर अंग गार होईपर्यंत फिरवायचं, पण पाणी तासभर दाखवायचं नाही. दुपारी विश्रांती. संध्याकाळी पुन्हा फिरवणं, खरारा, पाय.

नळी आणि नस, नांदेड:
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त पाण्याचं मान्य नाही. तापलेल्या घोड्याला पाणी दिलं की पोटशूळ होतो, हा समज आपल्याकडं फार जुना. उलट घामानं पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं. फिरवता फिरवता दर चक्कराला पाच-सहा घोट साधं पाणी द्यायचं. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून मानेवर, छातीवर, मांड्यांमध्ये गार पाणी ओतत राहायचं. धाप कमी होईपर्यंत जाडी झूल टाकायची नाही.

दाण्याचं. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाकाठी ५ ते ७ किलो दाणा लागतो, तो तीन-चार वेळांत. एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर नाही, कारण घोड्याचं पोट लहान. जादा दाणा न पचता पुढं जातो, आतड्यात आंबतो, त्यातून पोटशूळ नाहीतर लॅमिनायटिस. मुख्य धान्य ओट, जोडीला जव, थोडा भिजवलेला हरभरा, कोंडा. अळशी द्यायची तर नीट उकळूनच. सुकं गवत किंवा लसूणघास मिळून निदान सहा-सात किलो. मीठ रोज.

आणि पोरं चुकतात ती सुट्टीच्या दिवशी. घोडं उभं आहे, तरी मायेपोटी दाणा पूर्ण टाकतात. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर गेलं की पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम सुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी एक पाऊलही चालवायचं नाही. जागेवर उभं करून डॉक्टर बोलवायचा, कारण चालवलं तर स्नायू आणखी फुटतात आणि मूत्रपिंडावर येतं. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासूनच दाणा निम्मा आणि गवत जास्त. काम सुरू झाल्यावर दाणा पुन्हा हळूहळू वाढवायचा.

कडवळ मात्र घोड्याला नकोच. त्यानं मूत्राशय सुजतं, लघवी थेंब थेंब गळते, मागचे पाय लटपटतात.

दुधनाकाठ, परभणी:
कडवळाचं आमच्याकडं कुणी बोललंच नव्हतं कधी, आजपासून बंद. गाई-म्हशींची गोळीपेंड चालते का? आणि पट्टी बांधायची रीत सांगा, घरी ते कधी लागलं नाही.

नळी आणि नस, नांदेड:
गोळीपेंड नाही. त्यात कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांना, कोंबड्यांना ते चालतं, घोड्याचं काळीज मात्र थोड्या मात्रेतही निकामी करतं. बुरशीचा मकाही नाही, तो घोड्याच्या मेंदूवर जातो.

खरारा:
पाण्याचं पटलं, माझं वाक्य सोडून द्या.

पट्टी: आधी कापसाची जाड गादी पायाला सपाट गुंडाळायची, सुरकुती नको. मग पुढून बाहेरच्या बाजूनं मागं, म्हणजे डाव्या पायाला एका दिशेनं आणि उजव्याला उलट. ताण सगळीकडं सारखा, आणि आत बोट शिरलं पाहिजे. एका जागी आवळली तर त्याच जागी नस सुजते. गाठ बाहेरच्या अंगाला, नसेवर कधीच नाही. बारा तासांनी सोडून पुन्हा बांधायची.

पावसाळ्यात खूर रोज दोनदा खरवडायचे. मधल्या मऊ त्रिकोणाच्या खाचेतून काळा, घाण वासाचा चिकट पदार्थ आला तर ती सड आहे. ओला बिछाना आधी बदला, औषध नंतर.

अश्वमित्र, लातूर:
एक राहिलं. शर्यतीनंतर लघवीचे नमुने तपासले जातात. चहातलं कॅफिन, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे सगळं तपासणीत सापडतं. उरलेला चहा बादलीत ओतायचा नाही, गव्हाणीजवळ बिस्किटं खायची नाहीत. स्वतः अंगदुखीची गोळी घेतली असेल तर घोड्याच्या ठाणात लघवी अजिबात करायची नाही. ओला बिछाना घोडं चघळतं आणि औषध त्याच्या पोटात जातं. मलम लावलेले हात धुतल्याशिवाय लगाम धरायचा नाही.

जाताना घरच्या घोड्यांचे ब्रश, मोरखी, झूल सोबत नेऊ देऊ नका. कपडे धुतलेले, बूट घासलेले असावेत. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि संसर्ग एका ठाणावरून दुसऱ्या ठाणावर अशाच वस्तूंतून जातो. निघायच्या आधी पोराला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घ्या.