पंख कातरलेल्या लव्हबर्डचा पिंजरा कसा असावा आणि त्याला माणसाळवावे कसे?

प्रश्न : बालाघाट (अंबाजोगाई)

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लव्हबर्ड आणला आहे. अंग हिरवे, चेहरा व गळा गुलाबी-केशरी आणि शेपटीच्या मुळाशी निळा रंग आहे. पंख दुकानातच कातरलेले होते आणि त्यामुळे पक्षी आठवड्याभरात माणसाळेल, असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात पिंजऱ्यात हात गेला की तो मागच्या जाळीला चिकटून बसतो, चोच वासून ओरडतो आणि हात आणखी पुढे नेल्यास रक्त येईपर्यंत चावतो. पिंजरा दुकानातूनच मिळालेला, गोल आणि लहान असून आत एक दांडी व एक मडके आहे. आमचे घर पत्र्याचे आहे आणि उन्हाळा तोंडावर आला आहे. पिंजरा कसा व कोठे ठेवावा, पक्ष्याला हाताची सवय कशी लावावी आणि पंख वाढू लागले तर ते पुन्हा कातरावेत का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : गोदाकाठ (नांदेड)

ताई, वर्णनावरून आपला पक्षी गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड दिसतो. ही जात मूळची नामिबिया व अंगोलाच्या कोरड्या भागातली असून तेथे हे पक्षी थव्याने राहतात आणि धोक्याची चाहूल लागताच उडून जाणे हाच त्यांचा मुख्य बचाव असतो. पंख कातरल्याने तो बचाव जातो, भीती मात्र तेवढीच राहते, आणि पळायला वाट नसलेला पक्षी मग चोच वापरतो. पंख कातरले म्हणजे पक्षी माणसाळतो ही समजूत आपल्याकडे इतकी पसरली आहे की मी दर वेळी आग्रहाने सांगतो : तो शांत दिसतो तेव्हाही पुष्कळदा घाबरून गप्प बसलेला असतो.

म्हणून सुरुवातीचे काही दिवस दाणापाणी बदलण्यापुरताच हात आत घालावा. रोज ठरावीक वेळी पिंजऱ्याजवळ बसून हलक्या आवाजात बोलत राहावे. वर्तमानपत्र वाचून दाखवले तरी चालते, कारण त्याला आवाज ओळखीचा व्हायला हवा असतो. या काळात त्याच्या अंगाकडे नीट पाहावे. पिसे अंगाशी घट्ट आवळून मान ताणून बसला असेल तर तो घाबरलेला आहे आणि आपण थोडे मागे सरकावे. एक पाय पोटाशी घेऊन, पिसे सैल सोडून चोचीने बारीक करकर आवाज करू लागला की त्याला आपल्या जवळ असण्याचा त्रास होत नाही, असे समजावे.

पुढची पायरी खाऊची. करडईचे दाणे या पक्ष्यांना फार आवडतात. ते वाटीत घालणे पूर्ण बंद करून फक्त हातातून द्यावेत. आधी जाळीतून, मग उघड्या दारात तळहातावर ठेवून आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागल्यावर हात थोडा आत नेऊन द्यावेत. तळहातावर येण्यासाठी त्याने स्वतः पाऊल टाकले पाहिजे. त्याला मुठीत पकडून बाहेर काढले, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. तो हातावर येण्यास तयार झाला की बोट त्याच्या पायांच्या किंचित वर, पोटाजवळ आडवे धरावे व दर वेळी "ये" असा एकच शब्द वापरावा. एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत आणि दिवसातून दोनदा बसणे उत्तम. चावला तर हात झटकू नये, ओरडू नये. हात स्थिर ठेवून मग सावकाश बाजूला घ्यावा. जाड हातमोजे घालू नयेत, त्यांनी पक्षी अधिक भितो.

पंख पुन्हा कातरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कातरलेले पीस स्वतः वाढत नाही. ते झडून त्या जागी नवे येते, त्यामुळे पूर्ण पंख यायला काही महिन्यांपासून वर्षभराचा काळ लागू शकतो. तेवढ्या काळात विश्वास कमावता येतो.

उत्तर : तेरणाकाठ (धाराशिव)

मी निवाऱ्याविषयी लिहिते. गोल पिंजरा बदलाच; त्यात पक्ष्याला निवांत बसायला कोपरा मिळत नाही. निदान 24 इंच लांब व 18 इंच रुंद असा चौकोनी पिंजरा असावा, त्यातील गजांमधले अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास असावे आणि दोन बाजूंचे गज आडवे असावेत, कारण उडता न येणारा पक्षी चोच व पाय वापरून चढतच फिरतो. पिंजरा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, जाळीचा करून घेतल्यास ती व्हिनेगर लावून ब्रशने घासून धुवावी. चोचीने खरवडलेले जस्त पोटात गेले तर विषबाधा होते. गुळगुळीत दांडीऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या धुऊन लावाव्यात. समुद्रफेसाचा (कटलफिश या सागरी प्राण्याच्या पांढऱ्या हाडाचा) एक तुकडा जाळीला बांधावा, त्यातून चुना मिळतो व चोचही घासली जाते.

पत्र्याच्या घराबद्दल मला खरी काळजी वाटते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली उष्मा त्याहून अधिक असतो. हा पक्षी कोरड्या हवेचा असला तरी रानात तो सावली व पाणी शोधत जातो, पिंजऱ्यात ते शक्य नसते. पिंजरा छताजवळ टांगू नये. घरातील सर्वांत थंड खोलीत, भिंतीलगत, आपल्या छातीच्या उंचीवर ठेवावा. ओले गोणपाट एका बाजूला थोडे अंतर सोडून लावता येईल, पण चारही बाजू झाकू नयेत. पाणी दिवसातून दोन-तीन वेळा बदलावे आणि दुपारी उथळ थाळीत अंघोळीला पाणी ठेवावे. पंख अंगापासून दूर धरून तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल तर त्याला लगेच गारव्यात हलवावे व पाय थंडगार नसलेल्या साध्या पाण्याने ओले करावेत.

रोजच्या खाण्यात राळे, बाजरी, वरी, धुतलेली मेथी, कोथिंबीर आणि शेवग्याचा कोवळा पाला द्यावा. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे दुधाळ कणीस जरूर द्या, ते दाणे टिपण्यात तो तासन्‌तास रमतो. चहा, चॉकलेट, मीठ आणि अ‍ॅव्होकॅडो पूर्ण वर्ज्य.

प्रश्नकर्ती : बालाघाट

दोघांचेही मनापासून आभार. आज नीट पाहिले, तर फक्त डाव्या पंखाची लांब पिसे कापलेली आहेत. दांडीवरून निसटला की तो गिरकी घेत पडतो. यावर काही करता येईल का? आणि जोडीला दुसरा पक्षी आणावा का?

उत्तर : मांजरा (लातूर)

एकच पंख कातरल्याने तोल जातो आणि पक्षी छातीच्या हाडावर आपटतो, म्हणून आपण म्हणता ती गिरकी गांभीर्याने घ्यावी. दुसरा पंख कापून समतोल साधण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो घरी अमलात आणू नये. आधी पशुवैद्यकाला दाखवावे. परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करता येईल. तोवर दांड्या खालच्या पातळीवर, एकीवरून दुसरीवर चालत जाता येईल इतक्या जवळ लावाव्यात, आणि तळाशी जाड टॉवेलवर कागद अंथरावा. टॉवेलचे धागे सुटलेले नसावेत. ते बोटांत अडकतात. नवे पीस येताना त्याच्या देठात रक्त असते व ते पडताना मोडल्यास बराच रक्तस्राव होतो. अशा वेळी स्वच्छ कापडाने दाबून धरावे व दवाखाना गाठावा.

बाहेर काढताना जमिनीवर चटई घालून, खाली बसूनच काढावे. पंखा बंद आणि दारे लावलेली हवीत, पाण्याची बादली झाकलेली हवी. अर्धवट पंखांनीही हा पक्षी अचानक झेप घेतो. त्याच्या खोलीत उदबत्ती व डासांची कॉइल लावू नये, आणि नॉनस्टिकचे भांडे रिकामे तापू देऊ नये. त्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो.

दुसरा पक्षी आताच आणू नका. आधी तुमच्याशी ओळख होऊ द्या. मात्र मग रोज काही तास घरातील कोणीतरी त्याच्या सोबतीला असले पाहिजे. तेवढा वेळ देणे जमणार नसेल, तर पुढे जोडी आणणे त्याच्या हिताचे आहे, भले तो तुमच्या हातावर कमी येईल. नव्या पक्ष्याला सुरुवातीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे.

आणि ते मडके आजच काढून टाका. या जातीत नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, आणि मादी असल्यास अशी जागा मिळाली की ती एकटी असूनही अंडी घालू लागते. अंडे अडकले तर जिवावर बेतते. शिवाय मडक्याची राखण करणारा पक्षी हात जवळ येऊ देत नाही, तेव्हा चावण्याचे एक कारण तेही असू शकेल.