मुलांच्या कार्यक्रमाचा खाऊ

*ए-२०२, सांस्कृतिक समिती*
नमस्कार मंडळी. गणपतीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम आहेत. ४३ नावं आली आहेत. खाऊ गेल्या वर्षीसारखाच ठेवतोय: हाका नूडल्स, पनीरची भाजी आणि पाव, ऑरेंज ड्रिंकची पाकिटं, शेवटी केक. आचाऱ्याला उद्या ॲडव्हान्स द्यायचाय. कुणाला काही सुचवायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

*डी-५०२*
दादा, केक आणि ड्रिंक नको. गेल्या वर्षी आमचा मुलगा घरी आल्यावर रात्री साडेअकरापर्यंत सोफ्यावरून उड्या मारत होता. साखर पोटात गेली की तो आवरतच नाही.

*सी-४०३*
आमच्याकडेही तेच. पॅकेटमधलं काही खाल्लं की दोन दिवस नुसती चिडचिड.

*एफ-१०१, आजी*
अगं, लेकरं आहेत, सणासुदीला उड्या मारणारच. आमच्या वेळी ॲलर्जी वगैरे कुणी ऐकलंही नव्हतं. वर्षातून एकदा खातात, खाऊ दे की.

*बी-३०४*
आजी, एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण गेल्या वर्षी त्याच कार्यक्रमात माझ्या धाकट्याला काय झालं ते मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. आज लिहिते. मेसेज मोठा आहे, तरी वाचा.

तो तेव्हा साडेचार वर्षांचा होता. पावाचा एक तुकडा पनीरच्या रश्शात बुडवून खाल्ला, दुसरा अर्धाच खाल्ला आणि ताट ढकलून दिलं. मी म्हटलं, अन्न असं ढकलायचं नाही. तर त्याने शेजारच्या मुलीला कोपर मारलं, रडायला लागला आणि बोटांनी जीभ खरवडायला लागला. "जीभ चावते, जीभ चावते" एवढंच म्हणत होता. तिखट लागलं असेल म्हणून मी पाणी दिलं, त्याने पेला भिरकावला. चारचौघांत लाज वाटली मला. दंडाला धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवला. कुणीतरी म्हणालं, नाटकं आहेत, लक्ष देऊ नका. आणि मी खरंच पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं नाही.

मग तो एकदम गप्प झाला. इतका वेळ दंगा करणारं पोर माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसलं. मान वर केली तर खालचा ओठ सुजलेला, गळ्यावर गांधी उठलेल्या. उलटी झाली, खोकला सुरू झाला. ए-१०१चे डॉक्टरकाका धावत आले, त्याला कुशीवर आडवं केलं आणि म्हणाले, सिरप शोधत बसू नका, गाडी काढा. हॉस्पिटलमध्ये मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. रात्रभर तिथेच ठेवलं, कारण अशी रिॲक्शन काही तासांनी उलटून येऊ शकते.

कारण होतं काजू. रस्सा दाट व्हावा म्हणून आचारी काजूची पेस्ट घालतात. मी घरी मगज घालते, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे तपासणीत पिस्ताही निघाला.

सगळ्यात जास्त मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याआधीच्या दिवाळीत काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला की तो किरकिर करायचा, ओठ पुसत राहायचा, वाटी भिरकावायचा. मी सासूबाईंना सांगितलं होतं, "याला गोड चढतं, हट्टी होतो." तो हट्ट नव्हताच. पोर मला त्याच्या परीने सांगत होतं आणि मी त्याला शिस्त लावत होते.

*एफ-१०१, आजी*
बाई गं. हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याला पोटात दुखलं म्हणून नेलं असंच ऐकलं होतं.

*ए-१०१, डॉक्टर*
सूनबाईंनी लिहिलं ते फार बरं केलं. चार वर्षांच्या मुलाला "घसा आवळतोय" असं सांगता येत नाही. ही मुलं जीभ ओढतात, खरवडतात, "तोंडात केस गेला", "जीभ गरम झाली" असं काहीतरी म्हणतात. कुणी चिडतं, कुणी एकाएकी गप्प होऊन आईला बिलगतं. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत असं अचानक झालं, तर आधी ओठ, मान आणि पोट उघडून बघा. रागवायचं ते नंतर. गांधींबरोबर उलट्या, खोकला, आवाज बसणं किंवा गळून जाणं यातलं काही असेल तर १०८ला फोन. मुलाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. अशा वेळी ॲलर्जीच्या गोळीवर किंवा सिरपवर विसंबायचं नाही, ॲड्रेनॅलिनच लागतं.

आता डी-५०२. साखरेने मुलं दंगा करतात ही समजूत जगभर आहे, पण नीट तपासल्यावर ती टिकलेली नाही. १९९४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. आपल्या मुलाला साखर चढते असं मानणाऱ्या आया आणि त्यांची ५ ते ७ वर्षांची मुलं बोलावली. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की यात साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. त्या मुलांच्या जास्त जवळ जाऊन बसत होत्या आणि टोकतही होत्या.

*डी-५०२*
काका, पण मी स्वतः बघितलंय ना त्याला.

*ए-१०१, डॉक्टर*
बघितलंच असणार. पण त्या रात्री तो नाचला होता, बक्षीस मिळालं होतं, चाळीस मुलांच्या गलक्यात तीन तास होता आणि झोपेची वेळ टळून गेली होती. पुढच्या वेळी केक काढून बाकी सगळं तसंच ठेवलं तरी तो उड्या मारेल. दातांसाठी आणि वजनासाठी साखर कमी करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

*सी-२०४, बालवाडीच्या ताई*
काका, रंगांचं काय? मधल्या सुट्टीनंतर काही मुलांच्या जिभा केशरी-लाल असतात. त्यातली दोघं-तिघं त्या दिवशी एका जागी बसतच नाहीत. मला वाटतं की आहे काहीतरी.

*ए-१०१, डॉक्टर*
ताई, इथे तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, पण बेताचं. ब्रिटनमध्ये साउदम्प्टन विद्यापीठाने केलेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ३ वर्षांची आणि ८-९ वर्षांची मुलं घेतली. चाचणीत मिळून सहा कृत्रिम रंग होते. काही दिवस त्यांतल्या काही रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) घातलेलं पेय, काही दिवस तसंच दिसणारं साधं पेय. कोणतं कधी ते ना आईबापांना माहीत, ना शिक्षकांना. रंगाच्या पेयावर मुलांचा चळवळेपणा सरासरीने थोडा वाढला. सगळ्यांचा नाही, काहींचा बराच, काहींचा अजिबात नाही. मिश्रण दिल्यामुळे नेमका कोणता रंग ते ठरवता आलं नाही. तरी युरोपात जुलै २०१० पासून त्या सहा रंगांपैकी एक जरी असला तरी पाकिटावर इशारा छापावा लागतो, की मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो.

त्या सहांतले चार आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहेत. टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसिन १२२, पॉन्सो ४आर १२४. पाकिटामागे बारीक अक्षरात हे आकडे सापडतील. आणि पाकिटाला निदान लेबल तरी असतं. गाडीवरच्या लालभडक मंचुरियनला किंवा बुढ्ढी के बालला काय असतं? २०२४च्या मार्चमध्ये कर्नाटकाने बुढ्ढी के बालमधला ऱ्होडामाइन-बी आणि गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. ऱ्होडामाइन हा कापडाचा रंग, त्याला खाण्यात कुठेच परवानगी नाही.

*सी-२०४, बालवाडीच्या ताई*
म्हणजे निदान ती केशरी पाकिटं तरी काढूया. त्यात मुलांच्या फायद्याचं तसंही काही नाही.

*सी-४०३*
मला पण विचारायचं होतं. एका लॅबची जाहिरात बघून आम्ही मुलीची दोनशे पदार्थांची रक्ततपासणी केली. आयजीजी का काय. रिपोर्टमध्ये गहू, दूध, अंडं, केळं, तांदूळ सगळं लाल रंगात. चार महिने दूध-गहू बंद केलं. चिडचिड तशीच आहे आणि वजन दीड किलो उतरलं. शाळेचा फ्रॉक खांद्यावरून घसरतो तिच्या. आता सुरू करायलाही भीती वाटते.

*ए-१०१, डॉक्टर*
ताई, उद्या सकाळी मुलीला आणि रिपोर्ट घेऊन घरी या. फी वगैरे काही नाही. आयजीजी ही रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी. ती सापडली याचा अर्थ एवढाच की तो पदार्थ तिने खाल्लेला आहे. त्यावरून ॲलर्जी ठरत नाही आणि वागणुकीचं कारणही कळत नाही. ॲलर्जीसाठी आयजीई नावाच्या दुसऱ्या अँटिबॉडीची किंवा त्वचेवरची तपासणी असते, तीही आधी नीट विचारपूस करून, संशय असलेल्या पदार्थांपुरतीच. तुम्ही काळजीपोटीच केलंत, स्वतःला दोष देऊ नका. पण वाढत्या मुलाचं अन्न असं मनाने तोडायचं नाही.

आणखी एक. तिचं हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घेऊ. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांमागे जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. लोह कमी असलेलं मूल किरकिरं होतं, लक्ष लागत नाही, लवकर दमतं. माझ्या दवाखान्यात "फार हट्टी झालाय" म्हणून आणलेल्या कितीतरी मुलांचा दिवस दूध-बिस्किट, चिप्सचं पाकीट, संध्याकाळी चहा-बिस्किट असा जायचा. पाकिटातल्या खाण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा तोटा हा. त्याने पोट भरतं आणि डाळ, पालेभाजी, अंडं, मटकीची उसळ यांना जागाच उरत नाही.

*सी-४०३*
येते काका. नऊ वाजता चालेल? खूप दिवसांनी हलकं वाटलं.

*बी-३०४*
सी-४०३ ताई, मीही येते सोबत. आणि झोप न झाल्यानेही मुलं चिडचिड करतात, ते मी सांगते. माझ्या मोठीला एक्झिमा आहे. खाज सुटली की रात्रभर खाजवत बसायची आणि सकाळी शाळेत कुणाशी ना कुणाशी भांडण. आम्हाला वाटायचं स्वभावच तसा. मलम आणि मॉइश्चरायझर नियमित लावायला लागल्यावर झोप लागली आणि तक्रारींच्या चिठ्ठ्या थांबल्या.

*एफ-१०१, आजी*
मग असं करूया का? बाहेरचं काहीच नको. मी आणि ई विंगच्या दोघी मिळून साबुदाण्याची खिचडी करतो. घरचं, ताजं, कसला रंग नाही.

*ई-३०१*
आजी, तुमच्या हातची खिचडी कुणाला नको असेल? पण आमच्या मुलीला दाण्यांची ॲलर्जी आहे. दाण्याचं कूट चमचाभरही चालत नाही. आम्ही कुणाकडे जेवायला जात नाही ते यामुळेच. कोशिंबीर, उसळ, भरली वांगी, कशात कूट असेल सांगता येत नाही. दर वेळी विचारलं की लोकांना वाटतं आम्ही नखरे करतो. गेल्या वर्षी तिला खाऊच्या आधीच घरी नेली होती.

*एफ-१०१, आजी*
अगं पोरी, दोन वर्षं समोरासमोर राहतो आपण! मला सांगायचं नाही होय? बरं, खिचडी रद्द.

*ए-२०२, सांस्कृतिक समिती*
मला खरंच कल्पना नव्हती. बी-३०४ वहिनी, ताईंनो, माफ करा. आता असं ठरवतो. इडली, खोबऱ्याची चटणी, उकडीचे मोदक. सारणात फक्त खोबरं, गूळ, वेलची. सुकामेवा नाही. प्यायला कोकम सरबत. केक, नूडल्स, पाकिटं बंद. चालेल का डॉक्टरकाका?

*ए-१०१, डॉक्टर*
उत्तम. मोदकावरचं तूप वेगळ्या वाटीत ठेवा, एखाद्याला दुधाची ॲलर्जी असेल तर. वाढायचे चमचे वेगवेगळे. आणि प्रत्येक पदार्थापुढे कागदावर लिहून ठेवा, आत काय काय आहे ते. मी पूर्ण वेळ तिथेच बसेन.

*डी-५०२*
कागद मी लिहितो. आणि ज्यांच्या मुलांना काही चालत नाही त्यांनी इथेच यादीत लिहा ना, म्हणजे वाढणाऱ्यांना पाठ करता येईल.

*बी-३०४*
१. बी-३०४, मुलगा, साडेपाच वर्षं: काजू, पिस्ता. "जीभ चावते" म्हणाला तर लगेच मला हाक मारा.

*ई-३०१*
२. ई-३०१, मुलगी, ७ वर्षं: शेंगदाणे, दाण्याचं कूट.

*ए-४०४*
३. ए-४०४, मुलगा, २ वर्षं: दूध, दही, पनीर, तूप. खरं तर आम्ही नाव द्यायचंच टाळलं होतं. ४४वं नाव घ्याल का?

*ए-२०२, सांस्कृतिक समिती*
घेतलं. आत्ताच आचाऱ्याशी बोललो. त्याची नेहमीची इडलीची चटणी निम्मी दाण्यांची असते. विचारलं म्हणून कळलं. खोबरं आणि डाळवं घालून करायला सांगितली आहे, मिक्सरचं भांडंही सोसायटीतूनच देऊ. कुणाकडे मोठं भांडं आहे?

*एफ-१०१, आजी*
माझ्याकडे आहे. आधी दोनदा घासून देते, त्यात परवाच कूट केलं होतं.

*ए-१०१, डॉक्टर*
आजी, ते भांडं राहू द्या. ज्यात कधीच दाणे वाटलेले नाहीत असंच बघूया.

*ई-३०१*
आमचं घेऊन जा. आमच्या घरात दाणा येतच नाही.