मदत हवी आहे: लॉ जर्नलच्या निवडीसाठी केस कमेंट

रत्नागिरीत तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाहेरगावच्या एका कॉलेजचे विद्यार्थी चालवतात त्या लॉ जर्नलच्या संपादक मंडळावरच्या निवडीसाठी केस कमेंट (एखाद्या निकालाचं विश्लेषण) मागवली आहे. मी केरळातल्या मरडूच्या इमारतींवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल घेतलाय. त्यातला सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या निर्बंधांचा, वाद आपल्या किनाऱ्यालाही नवा नाही. निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून मोफत मिळाला. एससीसी ऑनलाइन (निकालांचा सशुल्क डेटाबेस) कॉलेजात नाही, स्वतः घेणं परवडत नाही. तळटीपा मात्र ब्लूबुक या संदर्भ देण्याच्या पद्धतीप्रमाणेच हव्यात. सीनियर म्हणतात, निकालाचा नीट सारांश दे, पुरे. मला ते पटत नाही.

कुणी अशा मंडळावर काम केलंय का? एससीसीच्या संदर्भाऐवजी एससीआर (सर्वोच्च न्यायालयाचा अधिकृत निकालसंग्रह) किंवा न्यूट्रल सायटेशन (न्यायालयानेच निकालाला दिलेला क्रमांक) दिलं तर गुण कापतात? आणि मसुदा आधी सरांना दाखवला तर ती बाहेरची मदत धरतात का?