‘मेंटेनन्स भरतो, मग शेजारी कशाला हवेत?’ या पोस्टला उत्तर

जुनी_वाशी

परवापासून घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या गृहस्थांची पोस्ट फिरते आहे. म्हणणं असं की सोसायटीच्या मीटिंगा, श्रमदान, आपत्कालीन गट ही रिकामटेकड्यांची कामं. आम्ही मेंटेनन्स मोजतो, त्यात जनरेटर, टँकर, सिक्युरिटी सगळं आलं. समोरच्या दाराचं नावही ठाऊक नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. खाली पोत्यानं अंगठे.

अडलेलं नाही? १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. कोविडचे दिवस. आमच्या जुन्या, सिडकोनं (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) बांधलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. घरात काकू एकट्या, मुलगा पुण्याला. पहिल्या मजल्यावर इन्व्हर्टर आहे हे आम्हाला माहीत होतं. मुलांनी घराघरांतून एक्स्टेंशन बोर्ड गोळा केले, एकात एक जोडत जिन्याच्या कठड्यावरून वायर वर नेली, प्रत्येक जोडावर चिकटपट्टी मारली, आणि वळणावर एकेक जण उभा राहिला, कुणाचा पाय पडून पिन निघू नये म्हणून. इन्व्हर्टर फार वेळ टिकणार नव्हता. तोवर दुसऱ्या विंगमधल्या पोरांनी सिलिंडर मिळवला. रेग्युलेटर बसवायला येत नव्हता कुणाला. तो मागच्या बिल्डिंगमधल्या नर्सताईंनी येऊन बसवला. संध्याकाळी वीज आली तेव्हा काका चहा मागत होते.

या सगळ्यात मेंटेनन्सच्या पावतीचा संबंध कुठे आला? इन्व्हर्टर कुणाकडे आहे, नर्स कुठे राहते, काकू एकट्या आहेत, एवढंच कामी आलं. म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक बिल्डिंगनं पावसाळ्याआधी एका कागदावर लिहून ठेवावं: एकटं कोण राहतं, कोण कुठल्या मशिनवर आहे, गच्चीची किल्ली आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी कुणाकडे, वॉचमन गावी गेला तर पंप कुणाला चालवता येतो. याला पैसा लागत नाही. दार वाजवावं लागतं.

घोडबंदर_१८

पोस्ट माझीच. काका वाचले, आनंद आहे. पण त्या दिवशी आमचा जनरेटर चालू होता, लिफ्ट चालू होती, कुणाला जिन्यात वायर धरून उभं राहावं लागलं नाही. तुमची गोष्ट ऐकून मला एवढंच वाटतं की तुमच्याकडे बॅकअप नव्हता.

आमच्याकडे नळाचं पाणी पुरत नाही, टँकर घ्यावाच लागतो. तो शेजारधर्मानं येत नाही, चेक दिला की येतो. मी पहाटे निघतो, रात्री आठ-नऊला माजिवड्याचा ट्रॅफिक तुडवून घरी पोचतो. रविवारी मला झाडू घेऊन फोटो काढायला बोलावू नका.

जुनी_वाशी

झाडूचं नाव तरी काढलं का मी? आणि जनरेटर, मीटर रूम, पंप बऱ्याच ठिकाणी तळमजल्यावर नाहीतर बेसमेंटला असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळमजल्यांचं काय झालं ते कळवा, ठाण्यात कुणालाही विचारा. तुमचा टँकर त्या पाण्यातून कसा येणार?

कोपरखैरणे_भाड्याने

जिन्यातली वायर, चहा, सगळं छान वाचलं. आता माझं ऐका.

मीही नर्स आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ड्युटीवरून आले तर गेट बंद. सेक्रेटरी वरून, गॅलरीतून बोलत होते, ‘मॅडम, मेंबरांनी ठरवलंय, चौदा दिवस दुसरीकडे सोय करा.’ हातात डबा आणि पाठीवर सॅक, मी रस्त्यावर उभी. गॅलऱ्यांमधून बघत होते ते सगळे शेजारीच होते, आणि आदल्याच महिन्यात टाळ्या वाजवणारेही तेच. मूठभर लोक एकत्र येऊन ‘ठरवतात’ तेव्हा पहिली कुऱ्हाड कुणावर पडते हे भाडेकरूंना विचारा, एकट्या बाईला विचारा, मांसमच्छी खाणाऱ्याला विचारा.

भाडेकरू ठेवला म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत जादा घेता येतात, ते शेवटी आमच्याच भाड्यातून निघतात. मीटिंगला आम्हाला खुर्ची नाही, मत नाही. आणि तुमच्या त्या कागदावर ‘एकटी राहते’ म्हणून माझं नाव लिहून तो नोटीस बोर्डावर लावणार? नको ती यादी.

पाम_बीचचा_करदाता

या दोघांपेक्षा मोठा प्रश्न बाजूलाच राहतोय. आपत्ती व्यवस्थापन हे पालिकेचं काम आहे. नागरिकांनी हौसेनं अंगावर घेतलं की पालिका मोकळी. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोनं धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात, ओहोटीला बाहेर. आज तलाव गाळानं भरलेत, आत खारफुटी उगवलीय. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी सेक्टरमध्ये. हे यादी करून आणि दार वाजवून निघणार आहे का? गाळ काढायला यंत्रं लागतात, निविदा लागते, जबाबदार अधिकारी लागतो.

घणसोली_गावठाण

धारण तलावाची गोष्ट निघालीच आहे तर गावाकडून ऐका. तुमचे सेक्टर ज्यावर उभे आहेत ती आमची खाचरं होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि बांधात उघाडी ठेवायची. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. धारण तलावाची झडप म्हणजे दुसरं काय आहे? बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं की त्या रात्रीच चिखल लिंपावा लागे, कारण सकाळच्या भरतीला बिळाचं भगदाड होतं आणि एकदा खारं पाणी घुसलं की पुढची वर्षं भात हाती लागत नाही. माझे आजोबा कंदील घेऊन जायचे. ज्याच्या घरचा माणूस बांधावर आला नाही त्याला गावकीत जाब द्यावा लागे. पगारी कुणी नव्हतं.

मग १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, बांध सरकारी होत गेले. १९७० ला सिडको आली आणि ९५ गावांची जमीन गेली. बांधच नाही तर गावकीनं राखायचं काय? करदाते साहेब, तुम्ही म्हणता अधिकारी लागतो. अधिकारी आले, म्हणूनच तर गाळ साठला.

पाम_बीचचा_करदाता

हा सरळसरळ स्मरणरंजनाचा प्रकार आहे. गावकी जाब विचारायची म्हणता, पण गावकीत बायका बसत होत्या का? आणि गावठाणात वाटेल तशी बांधकामं झाली, नाल्याच्या तोंडावर चार मजले चढले, तेव्हा गावकी कुठे होती?

घणसोली_गावठाण

गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी बापाचं आयुष्य गेलं माणसांचं. गावठाणांचा विस्तार वेळेत केला नाही, पोरं वाढली, घरं वाढली. जासईला १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली ती काय चार मजले चढवायला? तोंड सांभाळून लिहा.

खाडीकाठची

करदाते साहेबांनी खारफुटीला मध्ये ओढलंय म्हणून बोलते. ती झाडं शत्रू नाहीत. उच्च न्यायालयानं २००५ ला तोडीवर बंदी घातली, २०१८ च्या निकालानं ती पक्की केली. सार्वजनिक हिताचं काम असेल तर परवानगी मागता येते. तेव्हा ‘खारफुटीमुळे गाळ काढता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर परवानगीचा अर्ज कधी केला, ते विचारा. मी विचारलंय. त्यासाठी भरतीच्या वेळा टिपून, झडपेपाशी उभं राहून फोटो काढावे लागले. झडपेत प्लास्टिक अडकलं की ती मिटत नाही आणि खाडी उलटी आत येते, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी एकटीनं हे रेटू शकले नसते. आमच्या मागच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी अर्ज लिहिले आणि मासे विकायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं की कुठली झडप कधीपासून उघडीच आहे.

पाम_बीचचा_करदाता

अर्जाचा मुद्दा मान्य. पालिकेला जाब विचारायला चार माणसं लागतात, एवढ्यापुरताच.

जुनी_वाशी

धागा खाडीत गेला, पण बरं झालं. मावशींना विचारायचं मलाही सुचलं नसतं.

कोपरखैरणेच्या ताई, तुमच्या गेटसमोर जे झालं ते शेजारपण नव्हे, झुंडशाही होती. त्यावर माझ्याकडे सबब नाही. पण मग उपाय काय? माणसं एकत्र यायची थांबत नाहीत, आपण गेलो नाही तर फक्त सेक्रेटरी आणि त्यांचे चार मित्र ठरवतात. यादी बोर्डावर लावायची नाही, नाव ज्याचं त्यानं स्वतः द्यायचं, कागद दोघांकडेच राहील आणि त्यातला एक भाडेकरू असेल. आमच्याकडे असं करायला मी तयार आहे.

घोडबंदर_१८

आमच्या बेसमेंटचं आज विचारलं. डिझेलची टाकी आणि पॅनेल दोन्ही खालीच आहेत. मॅनेजर म्हणाला, पाणी कधी आलेलं नाही. तेवढी गोष्ट मीटिंगला मांडीन. बाकी माझं मत तेच.

कोपरखैरणे_भाड्याने

‘तयार आहे’ म्हणणं सोपं आहे. आधी भाडेकरूंना बसू द्यायचा ठराव तुमच्या सोसायटीत पास करा आणि इथे टाका. तो वाचल्याशिवाय मी माझ्या बिल्डिंगमध्ये कुणाला माझा फोन नंबर देणार नाही. रेग्युलेटर बसवायला मात्र कुणीही, कधीही हाक मारा.