कॉपीराइटची नोटीस माझ्या नावावर, डाउनलोड रूममेटचं

अमेरिकेत एमएसच्या पहिल्या सत्राला आहे. काल विद्यापीठाच्या आयटी विभागाचा मेल आला: माझ्या कनेक्शनवरून एक सिनेमा टॉरेंटवर शेअर झालाय, नेट तूर्त बंद. खोलीतला राउटर माझ्या लॉगिनवर नोंदवलेला आहे, डाउनलोड रूममेटने केलंय. तो म्हणतो, "मी बघायला उतरवला, कुणाला दिला नाही." केस होते का? व्हिसाची धास्ती वाटतेय.

उत्तर १
अशा नोटिसा ढिगाने येतात. दुर्लक्ष कर, काही होत नाही.

उत्तर २
कृपा करून दुर्लक्ष करू नकोस. मी इथल्याच एका विद्यापीठाच्या नेटवर्क विभागात आहे, असे मेल माझ्याच हातून जातात.

"कुणाला दिला नाही" हे मला सारखं ऐकावं लागतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण मुलांना खरंच माहीत नसतं. टॉरेंटमध्ये सिनेमाचे तुकडे उतरत असतानाच आलेले तुकडे तुमच्या लॅपटॉपवरून इतरांना जात असतात. सिनेमाच्या कंपनीची माणसं त्याच गर्दीत शिरून आयपी पत्ता (नेट कनेक्शनचा ओळख क्रमांक) आणि वेळ टिपतात. नोटीस येते ती या वाटण्याबद्दल. त्या मिनिटाला तो पत्ता कुणाच्या लॉगिनवर होता, हे आम्ही लॉगमध्ये बघतो. म्हणून तुझं नाव.

नोटीस म्हणजे खटला नव्हे, आणि आमच्याकडे तरी कोर्टाच्या आदेशाशिवाय विद्यार्थ्याचं नाव बाहेर देत नाहीत. पण खटले झालेत. बोस्टन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला ३० गाण्यांसाठी २००९ मध्ये ज्युरीने ६,७५,००० डॉलर भरायला लावले, आणि २०१३ मध्ये अपिलातही तो आकडा टिकला. एवढी रक्कम मला आजही अन्यायाची वाटते. कायदा मात्र तसा आहे.

मेलला मुदतीत उत्तर दे. राउटर कोण वापरतं ते खरं लिही. रूममेटने स्वतः येऊन सांगितलं तर उत्तम. तुझ्यावर दुसरी नोटीस आली तर प्रकरण शिस्तपालन कार्यालयात जाऊ शकतं.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार, ताई. तो यायला तयार आहे. नोटिशीत खाली पैसे भरून मिटवायची लिंक आहे. भरू का?

उत्तर २
लगेच भरू नकोस. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला कक्ष असतो, आधी त्यांना दाखव. व्हिसाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार. आणि रूममेटच्या लॅपटॉपवर टॉरेंट अजून चालू असेल तर ते आत्ता बंद करायला लाव. नेट परत आल्याबरोबर ते पुन्हा वाटायला लागेल.